आयत्या केकवर नागोबा

रोज रात्री झोपायच्या आधी मी तीन-चार केक सजवतो. अंथरुणात पडल्या पडल्या, फोनवरच्या खेळात, उजव्या अंगठ्याने. तयार स्पंज गोल फिरत समोर येतो, अंगठा टेकवला की क्रीमची वेटोळी पडू लागतात, काठाकाठाने आत, एकावर एक, थेट शेंड्यापर्यंत. बीळ दुसऱ्याचं, नागोबा आपला.

स्पंज आला कुठून, हे विचारायचं नाही. काही खेळांत तो भाजावा लागतो, पण ते भाजणं म्हणजे ओव्हनचं दार मिटतं, एक सुई फिरते, टिंग. तीन सेकंद. अंडं टिचकीसरशी फुटतं आणि टरफलाचा कपचा भांड्यात कधीच पडत नाही. माझा प्रत्यक्षातला अनुभव वेगळा आहे.

खरा केक मी एकदाच केला. तेव्हा कळलं की केक हा मुख्यतः वाट बघण्याचा पदार्थ आहे. आधी लोणी मऊ व्हायची वाट. मग १८० अंशांवर अर्धा-पाऊण तास ओव्हनच्या काचेला नाक लावून वाट. मग तो पुरता गार व्हायची वाट, आणि ही शेवटची मी पाहिली नाही. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. केक वरून गार वाटत होता, पोटात चांगला कोमट होता. मी मन लावून काढलेले बटरक्रीमचे गुलाब हळूहळू कडेवरून उतरले आणि ताटात जाऊन बसले. जाणकार मंडळी आधी क्रीमचा एक पातळ हात फिरवतात, सुटा चुरा त्यात अडकावा म्हणून, आणि तो थर फ्रिजमध्ये घट्ट झाल्यावरच वरचा देखणा थर लावतात, हे मला नंतर समजलं. म्हणजे आणखी एक वाट!

शिवाय पायपिंग बॅगचं, म्हणजे क्रीम पिळून फुलं काढायच्या पिशवीचं, सगळं कसब मुठीत असतं. किती दाबायचं, आणि नोझल उचलायच्या आधी दाब नेमका कधी सोडायचा. उशीर झाला की फुलाला शेपूट निघतं. सावकाश करावं, तर मुठीच्या उबेने पिशवीतलं क्रीम सैल पडतं. फोनच्या काचेला यातलं काही ठाऊक नाही. अंगठा कुठे आहे ते तिला कळतं, त्याने किती जोर लावलाय ते बहुतेक वेळा कळत नाही. (दाब ओळखणारा पडदा अ‍ॅपलने २०१५ मध्ये आयफोन ६एसवर आणला होता, २०१९ च्या आयफोन ११ वर तो उरला नाही. केकवाल्यांनी तरी हळहळायला हवं होतं.) त्यामुळे माझ्या पडद्यावरच्या फुलांना शेपूट फुटत नाही.

हा नाद तसा जुनाच. विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ साली ‘पर्बल प्लेस’ नावाचा खेळ संगणकावर आपसूक यायचा. त्यात केकचा कारखानाच होता. सरकता पट्टा, टीव्हीवर ऑर्डरचं चित्र, आणि आकार, थर, आयसिंग तंतोतंत जुळवायची धांदल. चुकलेला केक तिथे खपवून घेत नसत. आताचे खेळ फारच मायाळू. परवा मी निळं क्रीम अर्धं केकच्या बाहेर सांडलं, तरी तीन तारे आणि ‘अप्रतिम!’ इतकं कौतुक झालं की मलाच ओशाळल्यासारखं वाटलं.

आणि मग जाहिरात. वाट बघणं सुटलं नव्हतं तर, ते इथे येऊन बसलं होतं. तीस सेकंद. बरं, जाहिरात असते केक सजवायच्याच दुसऱ्या एका खेळाची. त्यात एक अदृश्य हात मुद्दाम वाकडंतिकडं आयसिंग लावतो, स्ट्रॉबेरी भलतीकडे खुपसतो, आपल्याला राहवू नये म्हणून. सापळा आहे हे मला चांगलं कळतं. असे दोन खेळ मी उतरवून घेतले आहेत.

कोपऱ्यातली फुली उमटायची वाट बघत मी पडून राहतो. एवढ्या वेळात खरा केक कितीसा गार झाला असता? तळव्यातला फोन मात्र तोवर चांगलाच तापलेला असतो. फुली दाबतो. जाहिरातीमागे माझं निळं क्रीम जिथल्या तिथे, टोकदार.