चटणीची नोंदवही : १७ ग्रॅमपासून पुढे

१४ जानेवारी

सोलापुरातल्या गड्डा यात्रेच्या गर्दीतून वाट काढत मित्र घरी आला आणि पिशवीतून श्रीखंडाचा रिकामा डबा काढून टेबलावर ठेवला. झाकणाला खिळ्याने पाडलेली चार भोकं. आत ओल्या टिश्यू पेपरवर क्रेस्टेड गेको, म्हणजे झाडावर राहणारी एक परदेशी पाल, मादी, अंगाखालची बाजू सुरकुतलेली. मित्राच्या रूममेटची. तो नोकरीला पुण्याला गेला तेव्हा "आठवड्यात न्यायला येतो" म्हणाला होता, त्याला आता तीन महिने झाले. तोवर खाणं काय, तर केळं. रोज केळंच. "फळं खातो असं वाचलं होतं की बे."

खातो, खोटं नाही. पण केळ्यात कॅल्शियम नावापुरतं आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. गेकोच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवं. ते पोटातून मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. तीन महिने हेच चाललं होतं.

सोनारासारख्या छोट्या काट्यावर वजन १७.२ ग्रॅम. पूर्ण वाढलेली मादी पस्तिशीच्या पुढे असते. डोळे खोल गेलेले, शेपटीला दोन ठिकाणी बाक, खालचा जबडा किंचित लोंबलेला, चालताना पुढचे पाय थरथरत होते. बोटांवर जुन्या कातेची कडी अडकलेली आणि दोन बोटांची टोकं काळी पडलेली. काचेवर ठेवली तर सरकून खाली आली. एरवी काचेलाही चिकटणारा, झाडावर राहणारा प्राणी काचेवरून घसरतो म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

रंग अगदी शेंगा चटणीचा. नाव तिथेच ठरलं.

१५ जानेवारी

पहिली चूक मीच केली. रात्री पारा पंधरापर्यंत उतरला, म्हणून घाबरून माझ्या जुन्या लेपर्ड गेकोची हीट मॅट टाकीखाली सरकवली. पहाटे पाहतो तर आत ३१ अंश आणि चटणी कोपऱ्यात तोंड उघडून बसलेली. हा प्राणी पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. तो नामशेष झाला असंच धरून चालले होते, १९९४ मध्ये परत सापडला. त्याला २२ ते २६ अंश मानवतात. २८ च्या वर जीव कासावीस होतो आणि तिशीपुढे बराच वेळ राहिला तर मरतोही. मॅट काढली. रात्री खिडक्या लावून घेतल्या तर खोलीत २१-२२ राहतात, तेवढं पुरे.

आजीचं वेगळंच. दाते पंचांगाच्या गावात राहून घरात पाल पाळतोस, अंगावर पडली तर डोक्यावरून आंघोळ करावी लागते, इत्यादी. म्हटलं, आजी, ही पडणार नाही, हिला आधी चढता तर येऊ दे.

१८ जानेवारी

सरपटणाऱ्या प्राण्यांचा खास डॉक्टर मला सोलापुरात सापडला नाही. गाई-कुत्री बघणाऱ्या एका डॉक्टरांनी एक्स-रे मात्र मनापासून काढून दिला. तो फोनवरून पुण्याच्या डॉक्टरांना पाठवला. फिल्मवर कणा शोधावा लागत होता, इतकी हाडं फिकी. निदान अपेक्षेप्रमाणेच, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. त्यांनी सांगितलेला क्रम मला फार पटला: आधी पाणी, मग खाणं, जंत सगळ्यात शेवटी. विष्ठेत जंत दिसले होते, पण एवढ्या अशक्त जिवाला जंताचं औषध झेपलं नसतं. कॅल्शियम पातळ स्वरूपात सुरू झालं. डोस इथे लिहीत नाही. तो वजनावर ठरतो आणि व्हिटॅमिन डी३ जास्त झालं तर तेही घातकच.

अजून एक ताकीद: जबडा मऊ असताना बळजबरीने तोंड उघडायचं नाही, मोडतो. औषध नाकाच्या टोकावर एक थेंब ठेवायचं. ती आपणहून चाटते.

२ फेब्रुवारी

वजन १८.१.

कातेचं काम झालं. छोट्या डब्यात ओला टिश्यू, खोलीच्या तापमानाचंच पाणी, वीस मिनिटं मुक्काम, मग कानाच्या ओल्या काडीने बोटाच्या टोकाकडे हळूच सरकवायचं. एका बैठकीत एकच पाय. कात ओढली नाही, तरी चौथ्या दिवशी काळ्या पडलेल्या बोटांपैकी एकाचं टोक कातेबरोबर आलंच. ते आधीच मेलेलं होतं. दुसरं वाचेल असं वाटतंय.

पहिले नऊ दिवस हाताने भरवलं. गेकोच्या खाण्याची तयार पावडर एक भाग, पाणी दोन भाग, टोमॅटो सॉससारखं दाट. दहाव्या रात्री वाटीत जिभेचे ओरखडे दिसले. मी आईला उठवून दाखवले. आई म्हणाली, "बरं," आणि कूस बदलून झोपली.

टाकीत फवारायला बोअरचं पाणी वापरू नका. काचेवर पांढरे डाग बसतात, ते घासूनही जात नाहीत, आणि थेंब चाटणाऱ्या प्राण्याची जीभही त्याच डागांवरून फिरते. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे मी सरळ प्यायच्या जारमधलं वापरतो.

२१ फेब्रुवारी

वजन २०.९. चटणीने आज जांभई दिली आणि टाळूवर दोन पांढुरके ठिपके दिसले. क्रेस्टेडच्या टाळूपाशी कॅल्शियम साठवायच्या पिशव्या असतात. चांगल्या भरलेल्या असल्या तर तोंड उघडताच पांढऱ्याशुभ्र दिसतात. महिन्याभरापूर्वी अशीच जांभई पाहिली होती तेव्हा तिथे फक्त गुलाबी टाळू होता. मला काट्यावरच्या आकड्यापेक्षा हे ठिपके जास्त मोलाचे वाटतात. वजन पाण्यानेही वाढतं.

जिवंत खाद्याचा प्रश्न होता. रातकिडे मागवले की वाटेत निम्मे मरतात आणि उरलेले रात्रभर आईचा जीव खातात. मग ओळखीतून एक रेशीम उत्पादक शेतकरी मिळाला. तुतीच्या पाल्यावरच्या लहान अळ्या मऊ, रसाळ, काट्याकुट्यांशिवायच्या. मऊ जबड्याला याहून सोयीचं काय असणार? पण सावधान. कात टाकायच्या वेळी आणि रोग पसरू नये म्हणून शेतकरी अळ्यांवर चुना आणि जंतुनाशक भुकटी मारतात. मी भुकटी पडायच्या आधीच्या अळ्या मागून घेतो आणि दोन दिवस घरी नुसत्या तुतीवर ठेवून मगच देतो. मोजमाप नेहमीचंच, तिच्या दोन डोळ्यांतल्या अंतरापेक्षा अळी मोठी नको.

रातकिडे मिळालेच तर त्यांना शेवग्याचा पाला. तो शेजारच्या अक्का देतात. भिंतीपलीकडून रोज एक विचारणा असते, "बल्ली एट्ला उंदि?" तेलुगूत, म्हणजे पाल कशी आहे? उत्तर म्हणून मी वजन सांगतो.

९ मार्च

हे लिहायला जीवावर आलंय. सकाळी वजन २३.४. संध्याकाळी टाकी साफ करताना चटणी फांदीवरून उडी मारायला गेली आणि मी तिला झेलायला झडप घातली. हातात नुसती शेपूट. ती मिनिटभर वळवळत राहिली. लेपर्डची शेपूट परत येते, आपल्या घरातल्या पालीचीही येते. क्रेस्टेडची येत नाही. आता ही जन्मभर बुडाला छोटंसं टोक असलेली राहणार.

जखम कोरडी होती, रक्त जवळजवळ नाही. तळाला नुसता टिश्यू पेपर ठेवला, माती नाही. रात्री वजन २१.८. तक्त्यात तो आकडा लाल शाईने लिहिलाय. लाल शाई माझ्यासाठी.

बाक आलेली शेपूट गेली ते बरंच झालं, असं दोघांनी समजावलं. पटलं नाही.

३० मार्च

वजन २३.९. जंताच्या औषधाचा पहिला डोस देऊन झाला. खाणं दोन दिवस कमी, मग पूर्ववत.

१९ एप्रिल

आता खरा सोलापूर सुरू. बाहेर ४२. परदेशी काळजीपत्रकं सगळी गरम कसं करायचं यावरच. गार कसं करायचं ते आपलं आपणच शोधायचं.

एसी लावून पाहिला होता. खोली २५ वर आली, पण आर्द्रता पार तळाला गेली आणि दोन तासांत चटणीची कातडी चुरगळली. इथे आपला डेझर्ट कूलरच कामाचा. आपली एप्रिलची हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्याने वाफ होतं, हवेतली उष्णता घेऊन जातं आणि ओलावा मागे ठेवतं. क्रेस्टेडला दोन्ही हवं. समोरची खिडकी मात्र चार बोटं उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि गारवा थांबतो. दुपारी दोनला टाकीत २६.५ आणि आर्द्रता ६५ टक्के. झोत थेट टाकीवर नको, भिंतीवर मारून परतवायचा. दिवसातून एकदा टाकी पूर्ण सुकूही द्यायची, सतत ओल राहिली तर कातडीवर बुरशी.

पावडरची वाटी पूर्वी सकाळी काढायचो. आता रात्री अकराला ठेवतो आणि पहाटे पाचला काढतो, नाहीतर आंबल्याचा वास येतो.

१२ मे

दुपारी पावणेदोनला लाइट गेली ती साडेपाचला आली. बाहेर ४३. तयारी होती: फ्रीझरमध्ये दोन लिटरच्या चार बाटल्या गोठवलेल्या. बाटली सोलापुरी टॉवेलात गुंडाळून टाकीच्या जाळीच्या झाकणावर आडवी ठेवायची, शेजारी नाही. गार हवा खाली उतरते. आत मातीची कुंडी पालथी घातलेली, कडेला दार फोडलेलं, वरून पाणी शिंपडलेलं. चटणी सरळ त्या कुंडीत जाऊन बसली. सगळ्यात जास्त गेलं ते २८.४ पर्यंत, तेही दहा मिनिटंच. माझंच तापमान बहुधा त्याहून वाढलं असेल.

आजी दर अर्ध्या तासाने दारात येऊन "आहे ना?" विचारत होती.

१४ जून

वजन २९.६. नव्या एक्स-रेमध्ये कणा शोधावा लागला नाही, दिसला. जबडा घट्ट, थोडा वाकडा राहिलाय आणि तसाच राहील. थरथर एप्रिलपासून नाही.

परवाच्या पावसानंतर आर्द्रता आपोआप ७२ झाली आणि कूलर निरुपयोगी ठरला. दमट हवेत पाणी उडतच नाही. खोलीत ३० च्या आसपास, म्हणजे पावसाळ्यात एसी आणि फवारणी अशी जोडी जमवावी लागणार. कोणी हे केलं असेल तर फवारणीच्या वेळा कळवा.

काल रात्री साडेअकराला टाकीतून टप्प असा आवाज आला. टॉर्च मारला तर चटणी समोरच्या काचेवर, उलटी, चारही पायांनी पक्की चिकटलेली, आणि जिभेने डोळा पुसत होती. वाचलेलं ते बोटही काचेला चिकटलं होतं. फोटो काढला आणि आज सकाळी पुण्याला, मूळ मालकाला पाठवला. पाच महिन्यांत त्याने एकदाच "जगली का?" विचारलं होतं, म्हटलं बघू दे.

पाच मिनिटांत त्याचा मेसेज: "शेपूट कुठंय?"

अजून उत्तर दिलेलं नाही.