नीडल्समधला चकवा

सह्याद्रीत वाट चुकवतात त्या ढोरवाटा. अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात मला चुकवलं ते कुणीतरी हौसेनं रचलेल्या पाच दगडांनी.

डेन्व्हरहून मोॲबपर्यंतचा प्रवास आणि तंबूला जागा मिळवायची मारामारी सोडूनच देतो. ऑक्टोबर होता, सोबत धाकटी बहीण. कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कच्या नीडल्स भागात एलिफंट हिलपासून चेसलर पार्क या सुळक्यांनी वेढलेल्या कुरणाला वळसा घालून परत, असे साधारण १८ किलोमीटर चालायचे होते. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सुळके दिसले आणि ही म्हणाली, "दादा, इथे नेढं असणारच!" आहेच, आरपार भोक असलेली दगडी कमान, ड्रुइड आर्च. पण त्या फाट्याला आम्ही वळलो नाही.

इथे कातळावर पायवाट उमटतच नाही. म्हणून पार्कवाले थोड्या थोड्या अंतरावर दगडांच्या छोट्या उतरंडी रचतात. एकीपाशी थांबायचं, पुढची दिसली की मगच पाय उचलायचा. सकाळभर हे नीट चाललं. जॉइंट ट्रेलच्या फटीत तर चुकायला जागाच नाही, दोन्ही खांदे भिंतींना घासतात.

परतीला मी पुढे होतो आणि घाईत होतो. उतरंड दिसली, गेलो. आणखी एक, तिकडे गेलो. तिसरी कड्याच्या अगदी टोकाशी, खाली सरळ दोन-तीन पुरुष खोल घळ. पुढे काहीच नाही. फोनवर नकाशा उतरवून ठेवला होता, पण उंच भिंतींमध्ये जीपीएसचा सिग्नल आपटून येतो. निळा ठिपका आम्हाला समोरच्या कड्यावर उभं करून मोकळा झाला.

खरी वाट बहुधा डावीकडे, तीसेक पावलांवर. मधे काळपट, खरबरीत मातीचा पट्टा. मी पाय टाकणार तोच बहिणीनं बॅग धरून मागे ओढलं. ती माती जिवंत असते. सूक्ष्म जीवाणू, शेवाळ, दगडफूल मिळून तिचा पापुद्रा धरतात, आणि एका बुटाखाली मोडलेला तो सावरायला कित्येक वर्षं जातात. म्हणजे आल्या कातळावरूनच मागे फिरणं आलं. माणशी चार लिटरमधलं एकेक लिटर पाणी उरलेलं.

चकवा लागला की मुकाट खाली बसावं, असं आजी सांगायची. बसलो. दशम्या काढल्या, लसणाची चटणी काढली. मी ते दगड रचणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. ऊन कलत होतं, आणि तेवढ्यात कातळावर एक लांबोळकी सावली पडलेली बहिणीला दिसली. सावलीच्या बुडाशी चांगली गुडघाभर, दगडात दगड पक्का बसवलेली उतरंड. आम्ही तिच्या शेजारून आलो होतो. तिथूनच वाट वळत होती.

निघताना बहीण ती खोटी चळत पाडायला निघाली. मी म्हटलं, नको, खरी कुठली नि खोटी कुठली हे आपण कोण ठरवणार? माझं हे शहाणपण तिला अजिबात पटलं नाही. त्याला कारण होतं.

रात्री तंबूत तिनं विचारलंच, "सकाळी फटीत तू दगड रचून फोटो काढलास, ते पाडलेस का रे नंतर?"

नव्हते पाडले. सहा होते.