खुब्याची ताकद मोजताना : पट्टा, काटा आणि लेफ्ट कॉर्नरचा डावा पाय

मंडळी, आपल्या सोलापूरच्या कबड्डीच्या पोरांच्या जांघेची ताकद मोजायची जुळणी आता भरवशाची झाली आहे. साहित्य तेच: हुकाचा डिजिटल वजनकाटा, टेम्पोत माल आवळतात तो रॅचेट पट्टा, घोट्याला गुंडाळायची जाड पट्टी आणि व्यायामशाळेतला भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी खांब. काटा आडवा ओढला तरी ताण बरोबर दाखवतो. तरी प्रत्येक वेळी सुरुवातीला 20 किलोची प्लेट टांगून तपासून घेतो.

हातात धरायचा डायनॅमोमीटर (ताकद मोजायचं यंत्र) असेल त्यांनीही त्याला पट्टा लावावा, असं माझं ठाम मत आहे. हाताने धरलं की खेळाडूच्या ताकदीबरोबर धरणाऱ्याचीही ताकद मोजली जाते. दणकट पोरगा बाहेर रेटायला लागला की धरणाराच हलतो, आणि आकडा तिथेच अडकतो. खांब हलत नाही.

खेळाडू उताणा, पाय सरळ, दोन्ही हातांनी बाकाच्या कडा घट्ट धरलेल्या. पट्टी घोट्याच्या हाडाच्या 8 सेंटीमीटर वर, तिथून काटा आणि पट्ट्याने खांबाला जोडलेली. पाय आत ओढताना अ‍ॅडक्टर म्हणजे आतल्या मांडीचे स्नायू मोजले जातात, बाहेर रेटताना अ‍ॅबडक्टर म्हणजे खुब्याच्या बाहेरचे. हळूहळू जोर वाढवत 5 सेकंद पूर्ण ताकद, मग 30 सेकंद विश्रांती. झटका दिलेला आकडा मी धरतच नाही. कंबर उचलली गेली तरी तो प्रयत्न बाद.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते अंतर. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून पट्टीपर्यंत टेप लावा आणि वहीत लिहा. हीच पट्टी गुडघ्याच्या वर बांधली तर त्याच पायाचा आकडा जवळजवळ दुप्पट दिसतो, स्नायू मात्र तोच. म्हणून नुसते किलो सांगून उपयोग नाही. उदाहरण घ्या: काट्यावर 17.2 किलो, म्हणजे 9.81 ने गुणून 168.7 न्यूटन. अंतर 0.78 मीटर, त्याने गुणून 131.6 न्यूटन मीटर. पोराचं वजन 64 किलो, तर किलोमागे 2.06. हा आकडा उंच-बुटक्या, जाड-बारीक सगळ्या पोरांत शेजारी ठेवून बघता येतो.

पट्टा नडगीला काटकोनात हवा. 20 अंश तिरका झाला तर काटा खऱ्यापेक्षा साधारण 6 टक्के जास्त दाखवतो. मी फरशीच्या रेघेवर बाक लावतो, म्हणजे डोळ्यालाच तिरकेपणा कळतो.

आता आपला लेफ्ट कॉर्नर, म्हणजे डाव्या टोकाला उभा राहून चढाईवाल्याला पकडणारा. सरावाआधी अंग मोकळं करतानाच म्हणायचा, "दादा, डाव्या पायात आतून ओढतंय ओ." मोजलं तर डावा पाय आत 13.9 किलो, बाहेर 18.1. म्हणजे आतली ताकद बाहेरच्या 77 टक्के. उजवा 90 च्या पुढे. पट्टीची जागा तीच असली की या गुणोत्तराला अंतराचा हिशेबही लागत नाही, म्हणून मला ते फार आवडतं.

हे गुणोत्तर 80 टक्क्यांच्या खाली गेलं की सावध व्हायचं, ही रेघ आली ती अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी खेळाडूंच्या 2001 च्या अभ्यासातून. हंगामाआधी मोजलं, मग कोणाची जांघ ओढली जाते ते पाहिलं. ज्यांना दुखापत झाली नाही त्यांची आतली ताकद बाहेरच्या 95 टक्के होती, ज्यांना झाली त्यांची 78. रेघेखालच्यांना धोका 17 पट निघाला. पण दुखापती मोजक्याच होत्या, आणि बर्फावर घसरणारा पाय वेगळा, मॅटवर चढाईवाल्याचा घोटा पकडायला झेपावणारा वेगळा. म्हणून ते 17 कबड्डीला चिकटवू नका. रेघ मात्र इशारा म्हणून वापरतो.

व्यायाम दिला कोपनहेगन अ‍ॅडक्शन: कुशीवर, कोपरावर भार, वरचा पाय जोडीदाराच्या हातात, आणि आतल्या मांडीने कंबर वर उचलायची. नॉर्वेच्या फुटबॉलपटूंवरच्या 2019 च्या अभ्यासात याच व्यायामाच्या कार्यक्रमाने जांघेच्या तक्रारींचा धोका 41 टक्के घटला. आपल्या पोराने सुरुवात गुडघ्याखाली आधार घेऊन केली, मग घोट्याजवळ. परवा मोजलं: आत 16.4, बाहेर 18.6, म्हणजे 88 टक्के. आतली ताकद 18 टक्क्यांनी वाढली. नीट पद्धतीने खुबा मोजला तरी दोन वेळच्या आकड्यांत 3 ते 12 टक्के फरक आपोआप येतो, असं डेन्मार्कच्या अभ्यासकांनी दाखवलंय. 18 त्याच्या पलीकडे आहे, म्हणून मी ही वाढ खरी मानतो. कोणी 5 टक्के वाढलो म्हणून पेढे मागितले तर थांबायला सांगतो!

मोजताना दुखणंही विचारा, 0 ते 10 मध्ये. 2 पर्यंत निर्धास्त, 3 ते 5 सांभाळून, 6 किंवा त्यावर गेलं की त्या दिवशी सराव नाही आणि फिजिओकडे. हा आकडा मी ताकदीच्या रकान्याशेजारीच लिहितो.

वेळही ठरलेली ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 40 च्या वर, पत्र्याखाली दुपारी कोणाचाच जोर लागत नाही. मी सगळं संध्याकाळी, सरावाआधी घेतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी काही पोरं नंदीध्वजाच्या (यात्रेतल्या उंच, जड काठीच्या) सरावाला जातात. तो पेलून आलेल्याची कंबर-मांडी आधीच भरलेली असते, त्या दिवसांतले आकडे मी वेगळ्या रंगाने लिहितो आणि तुलनेत घेत नाही.

झटपट तपासणीसाठी रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा त्याच्या काट्यावर 10 (मिलिमीटर पारा) येईपर्यंत फुगवून गुडघ्यांमध्ये दाबायला देतो, गुडघे उभे. दोन्ही पायांचा मिळून एकच आकडा येतो, डावं-उजवं कळत नाही, पण दर आठवड्याला घसरण दिसायला पुरतं.

पुढचं काम खुबा पुढे उचलायच्या ताकदीचं. बसवून घ्यावं की झोपवून, यावर अजून माझं ठरत नाही. बसवलं की पोरं मागे रेलतात आणि आकडा फुगतो. खो-खोच्या पोरांवर कोणी हे घेतलं असेल तर पाठ कशी बांधली आणि पट्टी गुडघ्याच्या किती वर लावली, ते कळवा.