भिंगावरची बुरशी

ताकातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू नववीच्या मुलांना प्रत्यक्ष दाखवायचेच, असे मी जूनमध्ये ठरवले होते. ते दिसायला जानेवारी उजाडला आणि त्यालाही कारण सूक्ष्मजीवच ठरले. आमची शाळा कोकणात आहे. पावसाळाभर लाकडी कपाटात राहिलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या ४५ पटींच्या भिंगावर कोळिष्टकासारखी बुरशी पसरली होती.

दुरुस्तीच्या अर्जातील ‘नादुरुस्तीचे कारण’ या रकान्यात मी ‘दमट हवेमुळे भिंगावर वाढलेली बुरशी’ असे लिहिले. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला, तो हाताळणीतील निष्काळजीपणाबाबत खुलासा मागत. खुलासा दिल्यावर तीन दरपत्रके मागितली गेली. तालुक्यात असे काम करणारा एकही कारागीर नसल्याने ती कोल्हापूरहून मागवली, तर डेडस्टॉक रजिस्टरमधला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतला, क्रमांक उपकरणावरच्या पुसट क्रमांकाशी जुळत नाही, अशी नवी हरकत निघाली. प्रत्यक्ष भेटायला गेले तेव्हा टेबलापलीकडून प्रश्न आला, ‘‘मॅडम, बुरशी पावाला येते, काचेला कशी येईल?’’ बुरशी काच खात नाही, काचेवरच्या धुळीवर आणि बोटांच्या तेलकटपणावर ती जगते व तिच्यातून स्रवणारी आम्ले भिंगावरचा लेप खराब करतात, हे मी उभ्या उभ्या समजावले. जो पाठ वर्गात घ्यायचा, तो आधी कार्यालयात घ्यावा लागला, याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी मंजुरी आली, तिच्यात कारण छापले होते ‘नैसर्गिक झीज’.

मधल्या काळात कुळथाची रोपे मुळांसकट उपटून आणली आणि मुळांवरच्या गाठी ब्लेडने कापल्या. आतला भाग गुलाबी असेल तर गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकासाठी बांधत आहेत असे समजावे. याला ना सूक्ष्मदर्शक लागतो, ना दरपत्रक.

जानेवारीत ताकाचा थेंब काचपट्टीवर पसरून वाळवला, मंद आचेवर धरला, मेथिलीन ब्लूने रंगवून धुतला. पहिल्या पट्टीवर नुसते निळे डाग दिसले, कारण ताकात पाणी घालून ते पुरेसे पातळ करायचे राहिले होते. दुसऱ्या पट्टीवर बारीक निळ्या काड्या दिसल्या आणि रांग तास संपल्यावरही हलेना. भिंग आता ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात असते. हे जूनमध्येच करायला हवे होते.