पत्रा झाला, रंग झाला, पण गाडी उठेना: आमच्या गॅरेजची वाटचाल

आमचं गॅरेज सुरू झालं ते फक्त इंजिनकामासाठी. हेड उतरवणं, व्हॉल्व्ह घासणं, पंप-नोझल सेट करणं, जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचे ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) खोलणं, बस. डेंटिंग-पेंटिंगच्या वाटेला जायचं नाही, असं आम्ही दोघा भागीदारांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ते पुढे टिकलं नाही.

कारण आमच्याकडे एक वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलं. गाडी समोरून ठोकलेली, पत्र्याचं काम झालेलं, रंग आरशासारखा. इंजिन मात्र मिसिंग करतंय (मधूनच एखादा सिलिंडर पेटत नाही), नाहीतर गरम झालं की बंद पडतंय, नाहीतर सेल्फ (स्टार्टर) फिरतोय पण गाडी उठत नाही. मालक हमखास म्हणायचे, "ठोकण्याआधी असं काही नव्हतं हो." बरेच मेकॅनिक हे वाक्य कानाआड करतात. आम्ही त्याच्यावर धंदा उभा केला. वीस-पंचवीस वर्षं जुन्या इंजिनाला दुखणी असतातच. पण धावणारी गाडी दुरुस्तीनंतर धावेनाशी झाली, तर दोष बहुधा इंजिनाच्या पोटात नसतो. जिथे धक्का बसला किंवा जिथे पाना लागला, तिथे आधी पाहायचं.

ही शिस्त आम्हाला एका जुन्या पेट्रोल गाडीने लावली. आमच्याकडे येईपर्यंत तिचे प्लग, कॉइल, फ्युएल पंप, इतकंच काय ईसीयूसुद्धा (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदलून झाला होता. हेडलाइट लावले की आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं संथ फिरणं) डगमगायचं आणि सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागायची. आता केबलमधून वीज जायचं कारणच काय? कारण हे, की इंजिनाच्या अर्थिंगची पट्टी (इंजिन आणि बॉडी जोडणारी, करंट बॅटरीकडे परत नेणारी) नव्याकोऱ्या रंगावर आवळली होती. रंगातून करंट जात नाही. स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा करंट बॅटरीकडे परतायला मिळेल ती वाट धरतो, आणि ती वाट केबलमधून गेली होती. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावरच), दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारताना आकडा बघायचा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं. इथे तो कितीतरी वर गेला. पत्रा उघडा घासला, पट्टी नवी टाकली, गाडी सरळ झाली.

मग प्रश्न आला बिलाचा. एक बोल्ट घासण्याचे पैसे किती लावायचे? भागीदार म्हणाला, फार घेता येणार नाहीत. मी म्हणालो, घासण्याचे घेऊच नकोत, शोधण्याचे घेऊ. यावर आमचं बरंच वाजलं. शेवटी ठरलं की दोष शोधण्याचा आकार वेगळा, आधी सांगून, आणि दोष सापडेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही. त्यावर काही गिऱ्हाइकं उठून गेली. राहिली त्यांनी दुसऱ्यांना पाठवलं.

हळूहळू कोणत्या तक्रारीला कुठे हात घालायचा हे पक्कं होत गेलं. डिझेल गाडी चढावर दम टाकत असेल तर आधी टाकी ते फिल्टर ही लाइन. अपघातात वाकलेला चेसिस ओढून सरळ करताना ती चेपते किंवा जोड सैल होतो. तिथे पंप डिझेल ओढून घेत असतो, त्यामुळे फट पडली तरी थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली नुसतं चाचपून काही कळत नाही. पंपाआधी पारदर्शक पाइपचा तुकडा लावला की बुडबुडे दिसतात. पेट्रोल इंजिन फक्त आयडलला हुंदके देत असेल तर एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) ते थ्रॉटल (ती हवा कमी-जास्त करणारी झडप) यामधला रबरी पाइप वाकवून बघावा. घडीत दडलेली चीर सरळ उभ्या पाइपवर दिसत नाही. सेल्फ फिरतो आणि पंपाचा आवाजच नाही, अशा काही जुन्या लँड रोव्हर आणि फोर्ड गाड्यांत धक्क्याने पेट्रोल तोडणारा इनर्शिया स्विच असतो. तो दाबला की काम झालं, पण दाबण्याआधी लाइन कुठे गळत नाही ना, हे बघितल्याशिवाय आमच्याकडे कोणी त्याला हात लावत नाही. गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर क्रँक सेन्सरची (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरची) वायर सायलेन्सरच्या पाइपला टेकलीय का, हे आधी.

सर्वात चकवणारी तक्रार म्हणजे हायवेवर ठीक, पण लो गिअरमध्ये खडकांवर चढताना तापणारी गाडी. रेडिएटर नवा, थर्मोस्टॅट नवा, तरीही काटा वर. अपघातात फुटलेलं फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कवच कोणीतरी फेकून दिलेलं असतं. वेगात वारा आपसूक मिळतो, पण हळू चालताना सगळी भिस्त फॅनवर. कवच नसेल तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच घुसळत बसतो.

अशा गाड्या वाढल्यावर पत्र्याच्या कामाचा मिस्त्री आम्ही स्वतःच ठेवला. पहिला करार मोडला तो इथे. तो आल्यापासून सुटं करण्याआधी प्रत्येक क्लिप, पट्टी आणि ब्रॅकेटचा फोटो निघतो, आणि वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी निघतात. सुरुवातीला तो वैतागायचा. आता फोटो नसेल तर हेल्परला तोच ओरडतो.

उलटलेल्या गाडीसाठी मात्र वेगळा नियम आहे. अशा गाडीच्या सिलिंडरमध्ये तेल उतरलेलं असू शकतं. तेल दाबलं जात नाही, आणि सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून प्लग किंवा नोझल काढून इंजिन आधी हाताने फिरवतो. टोइंगवाल्यालाही फोनवरच सांगतो, की किल्ली मालकाकडे ठेवायला सांग.

आता आम्ही लेखी अहवालही देतो: कोणता दोष धक्क्याचा, कोणता दुरुस्तीचा, कोणता निव्वळ वयाचा. यातला तिसरा रकाना मालकांना आवडत नाही, पण विम्याच्या सर्व्हेयरला त्याच्यामुळेच पहिल्या रकान्यावर विश्वास बसतो. चेसिसचं माप घेतल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही, हेही त्याच कागदावर वर छापलेलं आहे. सध्या वायरिंग हार्नेस (गाडीतल्या सगळ्या वायरींचा बांधलेला जुडगा) घरीच बांधायचं टेबल लावतोय. जुन्या गाड्यांची मूळ हार्नेस मिळेनाशी झालीत, आणि जोडून जोडून चालवलेली वायर पुन्हा आमच्याकडेच येते.