तुम्ही विचारलंत म्हणून: फेरेटला हर्बल औषध द्यावं का?

लिफ्टमध्ये चिंगीला माझ्या खांद्यावर बघितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मुंगूस पाळलंय का हो?" मुंगूस नाही, फेरेट. मुंगसाशी तिचं नातं लांबचं, पाणमांजराशी जवळचं. (मुंगूस पाळणं कायद्यानं गुन्हा आहे, हे मी घाईघाईनं जोडून देते.) दुसरा प्रश्न ज्यांच्या घरी फेरेट आहे त्यांचा: "हर्बल काही दिलं तर काय बिघडतंय? साइड इफेक्ट तर नसतात." सापाशी भांडून आलेलं मुंगूस कुठलीशी मुळी खाऊन विष उतरवतं, ही गोष्ट आपण आज्यांकडून ऐकलेली. त्यामुळे असल्या लांबुडक्या प्राण्याला झाडपाला मानवतो, असं मनात कुठेतरी बसलेलं असणार.

फेरेट पक्का मांसाहारी. आतडं आखूड, खाल्लेलं ३-४ तासांत बाहेर. पाला पचवायची सोयच त्यात नाही. यकृताचं म्हणाल तर पॅरासिटामॉलसारखं औषध ते मांजराच्या यकृतासारखंच फार हळू निकालात काढतं. काढ्यातली द्रव्यंही त्याच यकृताला निस्तरायची असतात. शिवाय चिंगी पाऊण किलोची. साठ किलोच्या माणसाचा चमचा तिच्यासाठी मोजायचा तर त्याचे ऐंशी भाग करावे लागतील. ते कोण करतं?

शेजारच्या काकूंचं कपाट घ्या. च्यवनप्राश म्हणजे मुख्यतः साखर. आसवं-अरिष्टं ही आंबवलेली औषधं, मुरताना त्यांत अल्कोहोल तयार होतो. लसूण तांबड्या रक्तपेशी फोडते, कुत्र्या-मांजरांत हे चांगलंच माहीत आहे, मग फेरेटवर प्रयोग कशाला? ज्येष्ठमध जास्त झालं की पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. आणि मेथी, कारलं, गुडमार! तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटांत स्वादुपिंडाला गाठी होणं फार आढळतं. त्या गाठी इन्सुलिन ओततात, साखर आधीच खाली. मागचे पाय लटपटतात, जनावर एकटक बघत बसतं, लाळ गळते. त्यात साखर उतरवणारं चूर्ण म्हणजे आगीत तेल. अशा वेळी हिरड्यांना मध चोळून तसंच डॉक्टरकडे पळायचं असतं. एरवी मध द्यायचा नाही, त्या दिवशी मात्र द्यायचा.

मी काही शहाणी नव्हते. चिंगीच्या शेपटीचे केस गळायला लागले तेव्हा मीही "केसांसाठी, शंभर टक्के नैसर्गिक" लिहिलेली बाटली आणली. दोन महिने रोज ड्रॉपरनं पाजली. तिला विषबाधा वगैरे काही झाली नाही. केस मात्र शेपटीवरून कमरेपर्यंत गेले. शेवटी सोनोग्राफी केली, तर मूत्रपिंडाजवळची, हार्मोन बनवणारी अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी वाढलेली. फेरेटांचा हा नेहमीचा आजार. त्यावर ऑपरेशन नाहीतर हार्मोनचं इम्प्लांट. डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन मागचं लेबल वाचलं. प्राण्याचं नाव नाही, वजनाप्रमाणे मात्रा नाही. "हे कशासाठी दिलंत?" एवढंच विचारलं. मला "केसांसाठी" म्हणवेना. बाटलीनं माझं काय नेलं असेल, तर ते दोन महिने.

म्हणून मला विचारलंत तर मी आधी उलट विचारते: कशासाठी द्यायचंय? "अशीच, ताकदीसाठी" असेल तर चिकन द्या. पुण्याच्या एप्रिलमध्ये मलूल पडला असेल तर काढा नको, कूलर लावा. तिशीच्या पुढचा पारा त्याला सोसत नाही. आणि खरंच आजारी असेल तर डॉक्टरांना घरचं सगळं सांगा, काकूंनी हळूच भरवलेलंही.

ऑपरेशननंतर सोफा सरकवला तर खाली चिंगीचा खजिना: तीन मोजे, एक किल्ली, आणि त्या ड्रॉपरचं रबर, अर्धं कुरतडलेलं. रबर गिळून आतडं बंद पडलं म्हणून पोट फाडावं लागलेले फेरेट कमी नाहीत. उरलेलं अर्धं आत गेलं का, या काळजीत मी पुढचे चार दिवस तिची शी चाळत बसले होते.