अर्धी झारी काढायची, अर्धी उमटवायची: सोनारी आराखड्याची सोळाव्या शतकातली रीत

इटालियन चित्रकार आणि वास्तुकार जुलिओ रोमानो १५२४ साली इटलीतल्या मांतुआ शहरात गेला. तिथल्या गोन्झागा या राजघराण्यासाठी त्याने राजवाडे बांधले, तसे तस्त, झाऱ्या आणि मिठाच्या पात्रांचे आराखडेही काढले. घडवण्याचं काम सोनारांचं. जर्मन चित्रकार होल्बाइनने लंडनमध्ये जेन सीमोर या इंग्लंडच्या राणीच्या सोन्याच्या पेल्याचा आराखडा केला, तो १५३६च्या सुमारास. पेला पुढे वितळवला गेला, कागद राहिले. तसाच चांदीच्या झारीचा आराखडा मी जुन्या साहित्याने काढला.

शाईसाठी ३० ग्रॅम माजूफळ (ओकच्या झाडावरच्या गाठी) कुटून ३०० मिली पाण्यात दोन दिवस भिजवलं, गाळलं आणि त्यात २० ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) व १० ग्रॅम बाभळीचा डिंक विरघळवला. हिराकस वाढवला तर काळेपणा येतो, पण पुढे तीच शाई कागद खाते. डिंक कमी पडला की रेघ फुटते, जास्त झाला की टाकातून शाई उतरत नाही. रेघ आधी फिकी दिसते, हवेने काळवंडते. संग्रहालयातला तपकिरी रंग वयाचा आहे. चहाचं पाणी फासून ‘जुनं’ करणं मला पटत नाही.

खरी गंमत घडीत. होल्बाइनच्या काही आराखड्यांत हीच युक्ती आहे. कागद उभा दुमडून घडीच्या एका बाजूला मऊ काळ्या खडूने अर्धाच घाट काढायचा. कागद किंचित दमट करून घडी मिटायची आणि पाठीवर चमचा घासायचा: उरलेला अर्धा फिकट उमटतो. घासताना घडी सरकली की दुहेरी कडा येते. काठाची वक्ररेषा घडीला काटकोनातच भिडली पाहिजे, नाहीतर उघडल्यावर काठाला मध्येच टोक येतं. मूठ आणि तोटी घडीत घ्यायची नाहीत. त्या नंतर, हाताने.

मग हंसाच्या पिसाच्या टाकाने दोन्ही अर्धे शाईत. शाई पूर्ण वाळली की खडू पावाच्या गराने टिपून काढायचा. राहिला तर ओल्या कुंचल्याखाली राखाडी चिखल होतो.

छाया पातळ केलेल्या शाईची. उजेड डावीकडून धरला, म्हणून उजवी बाजू गडद. पण अगदी कडेशी एक बारीक पट्टी कोरी सोडायची. ती बुजली की चांदी मातीसारखी दिसते.